पहिला टिळा

अक्षय तृतीयेच्या सकाळी माझ्या आईनं एका माणसाच्या कपाळावर कुंकवाचा टिळा लावला. गोष्ट एवढीच आहे, पण चार महिने होत आले तरी ती मनातून जात नाही. नागपूरच्या महाल या वस्तीत जिथे आमचा वाडा होता तिथे आता तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, वर राहतं घर. त्या घराची वास्तुशांत होती. मालक पाटावर बसले होते, शेजारी बायको, समोर होमाचा धूर, आणि नव्या खिडकीच्या काचेतून थेट फरशीवर उतरलेलं नागपूरचं ऊन. गुरुजींनी कुंकवाची वाटी उचलली तसे मालक म्हणाले, "थांबा जी गुरुजी. पहिला टिळा काकूंच्या हातचा पाहिजे." आई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणताहेत. बाबा जाऊन एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून तिनं कुणाला कुंकू लावलेलं मी पाहिलेलं नाही. माझं लग्न बाबांच्या मागे वर्षभरानं झालं, तेव्हाही मला ओवाळायची वेळ आली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली होती. मी हाक मारली तर मानेनंच नाही म्हणाली. आणि इथे भरल्या घरात तिला बोलावत होते. दोघी-तिघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मालकांची बायको उठली, आईच्या कोपराला धरून तिला पुढे घेऊन आली. आईनं वाटीत अंगठा बुडवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग भुवयांच्या मधून वर, केसांपर्यंत, एक उभी रेघ ओढली. थोडं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. अक्षता लावून तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, ते वाकून तिच्या पाया पडले, आणि मला तिथे बसवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं मी उठून गेले.

परतीच्या ऑटोत आई हात मांडीवर उलटा ठेवून बसली होती, लुगड्याला डाग लागू नये म्हणून. गांधी गेट मागे पडलं तेव्हा मी विचारलं, "तुला काहीच नाही वाटलं?"

"वाटायचं काय त्याच्यात?" ती म्हणाली आणि बाहेर पाहू लागली.

ते मालक म्हणजे भाऊ, आमचे जुने भाडेकरू. बाबा गेले तेव्हा आई एकोणपन्नास वर्षांची होती. वाड्यात आम्ही तिघं: ती, मी आणि कॉलेजात असलेला धाकटा भाऊ. मागच्या दोन खणांत दोघं काका, त्यांचा आपसात अबोला आणि दोघांचाही आमच्याशी. दारात पुरुषमाणूस असावा म्हणून आईनंच ओळखीतून भाऊंना बोलावलं होतं. पंचविशीतला मुलगा, नुकतं लग्न झालेलं. समोरच्या ओसरीत त्यांनी आटाचक्की टाकली. सकाळी सातला पट्टा फिरू लागला की दिवळीत ठेवलेली देवाची समई थरथरायची, आणि संध्याकाळपर्यंत ज्वारीच्या पिठाचा एक कोमट, गोडसर वास साऱ्या चौकात भरून राहायचा. भाऊंच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. काकांचं भांडण कोर्टात गेलं तेव्हा तारखांना आईबरोबर भाऊच गेले. भिंत खचली, टेकू त्यांनीच लावला. भावाच्या फीचे पैसे कमी पडले, ते त्यांनी दिले आणि वहीत लिहून ठेवले. आई दर महिन्याला भाड्यातून वळते करून द्यायची. मग एकेका काकाचा हिस्सा विकायला निघाला आणि तो भाऊंनी घेतला. शेवटी उरला आमचा. भाऊंनी कधी तोंडानं मागितला नाही. पण दोन बाजूंनी भिंती गेल्यावर मधला वाडा किती दिवस उभा राहणार? भाव रास्त मिळाला, पैसे वेळेवर मिळाले. कुणी कुणाला फसवलं नाही. तरी मोजणीची माणसं टेप घेऊन चौकात उतरली त्या दिवशी माझ्या आईनं माजघराचं दार आतून लावून घेतलं, आणि दाराआडून तिचा आवाज आला, "मी आहे तोवर एका विटेला हात लावाल तर रॉकेल ओतून घेईन." भाऊंनी माणसं परत पाठवली. पुढे वर्षभर विषय काढला नाही.

खरेदीखताच्या दिवशीचं एक दृश्य मला आठवतं. अंगठ्याचा ठसा घेणारं ते छोटं यंत्र आईचा अंगठा ओळखेना. साठ वर्षं राखेनं भांडी घासलेला हात, रेषाच उरल्या नव्हत्या. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, जोरात दाबा." पुसून झालं, ओला करून झाला, पाचव्यांदा का सहाव्यांदा हिरवा दिवा लागला. आईनं अंगठा उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. अक्षय तृतीयेला कुंकवाच्या वाटीत बुडाला तो हाच अंगठा. बहुतेक म्हणूनच मी त्या घरातून उठून गेले असेन.

आम्ही महालात राहतो, असं मी जन्मभर सांगत आले.

बाहेरगावच्या माणसाला ते ऐकून गंमत वाटायची आणि मला ती गंमत कळायची नाही, कारण महाल हे आमच्यासाठी बडकस चौक, चितार ओळीतला ओल्या मातीचा आणि तणसाचा वास, कल्याणेश्वराची घंटा आणि रुक्मिणीच्या देवळापुढची फुलांची टोपली एवढं होतं. ज्या महालावरून हे नाव पडलं तो कुणी पाहिलेला नव्हता, माझ्या आजेसासऱ्यांच्या आज्यांनीही नसेल. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर सागवानाचं दाट नक्षीकाम होतं. १८६४ मध्ये तो जळाला. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरात त्याच्या वाट्याला एखाद-दुसरं वाक्य आलं आहे: काळा बेसाल्ट, लाकडी नक्षी, आग, आणि उरलं काय, तर नगारखान्याचा मोठा दरवाजा. नगारखाना हा शब्द आमच्या घरात रोज वापरात होता. आई म्हणायची, "नगारखान्यापाशी उतर आणि चालत ये." तिथे कधी नगारा वाजत होता, कुणासाठी आणि कुठल्या घटकेला, हे विचारावंसं मला वाटलं नाही. राज्याभिषेक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रायगड येतो. शाळेच्या सहलीत मीही तिथे जाऊन राजसभेच्या मोकळ्या चौथऱ्यापुढे उभी राहिले होते आणि अंगावर काटा आला होता. पण माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या राजे गादीवर बसवले जात होते, ती गादी कुठे होती, तिथे काय व्हायचं, कोण काय करायचं, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. टिळ्याची ती सकाळ मनात सलत राहिली म्हणून मी पुन्हा महालात जायला लागले. संध्याकाळी, उन्हं उतरली की.

आमच्या ओळीत एक मास्तर राहतात. नव्वदीला आलेत. ऐकू कमी येतं, पण सांगायला बसले की थांबत नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या खिडकीला अजून वाळ्याची ताटी असते, तिच्यावर नातू दर तासानं पाणी मारतो. त्या ओल्या वासात बसून मी त्यांना विचारलं, "मास्तर, भोसल्यांचा राज्याभिषेक कुठे व्हायचा?" त्यांनी माझं वाक्यच दुरुस्त केलं. म्हणाले, "अभिषेक नाही बाई. छत्रपती साताऱ्याला. इथे वस्त्रं यायची, आणि टिळा व्हायचा." वस्त्रं म्हणजे साताऱ्याहून येणारी सेनासाहेब सुभा या पदाची वस्त्रं. ती अंगावर आली की नागपूरकर भोसले अधिकारावर आले असं साऱ्या मराठी मुलखानं मानायचं. याच वस्त्रांपायी थोरल्या रघुजींच्या मागे, १७५५ नंतर, जानोजी आणि मुधोजी या भावांत तेढ पडली. एकाला सेनासाहेब सुभा आणि दुसऱ्याला सेनाधुरंधर म्हणवून ती कशीबशी मिटवावी लागली. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. मास्तर पुढे जे बोलले ते मात्र मला नवीन होतं. म्हणाले, "आणि टिळा कोण लावायचं माहीत आहे? गोंड राजा."

मी विचारलं, "कुठला गोंड राजा?"

"ज्याचं राज्य घेतलं तोच. नाहीतर कोण?"

गोंड राजाचा किल्ला महालातच आहे, भोसल्यांच्या वाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. लहानपणी आम्ही त्या बाजूला पतंगाच्या मागे धावत जायचो. देवगडच्या गोंड घराण्यातल्या बख्त बुलंद शाहानं हे शहर वसवलं, त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, त्याला तट बांधला, हे नागपूरच्या कुठल्याही पोराला पाठ असतं. पण मास्तरांच्या तोंडून तीच हकीकत ऐकताना माझे कान तापले. १७३९ मध्ये चांद सुलतान गेला. गादी दुसऱ्यानंच बळकावली. तेव्हा त्याची विधवा राणी रतनकुंवर हिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, तिच्या मुलांना गादी मिळवून दिली, मोबदला घेतला आणि परत गेले. मग त्या दोन भावांत, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाहात, तंटा लागला. पुन्हा रघुजींना बोलावणं गेलं. १७४३ मध्ये ते आले ते परत गेले नाहीत. एक भाऊ परागंदा झाला. दुसऱ्याला, बुऱ्हाण शाहाला, नागपुरातच मानानं ठेवलं, नेमणूक बांधून दिली. तो राजा म्हणवत राहिला आणि राज्य रघुजींनी केलं. मास्तर सांगत होते आणि मला आमचा चौक दिसत होता. एकटी पडलेली बाई. तिनं आपणहून बोलावलेला मदतगार. भावाभावांचा तंटा. कोर्टाच्या तारखांना बरोबर येणारा माणूस. एकेक खण. मी पाण्याचा पेला उचलला तर तो हातात हलत होता.

रघुजींसारख्या पराक्रमी पुरुषाला, ज्यांच्या फौजा ओरिसा-बंगालपर्यंत धडकल्या, त्यांच्या घराला त्या टिळ्याची काय गरज होती? मास्तरांचं उत्तर व्यवहाराचं होतं: साताऱ्याच्या वस्त्रांनी माणूस सरदार होतो, पुण्याचा हात त्याच्या डोक्यावर येतो, या मातीतल्या राजानं टिळा लावला की पुण्याला सांगता येतं, आमचा हक्क इथलाच आहे. असेल तसंही. राजकारणात माणसं असाच विचार करत असणार. पण मी रात्री अंथरुणावर पडले तरी मला तो अंगठा दिसत राहिला. मेवाडच्या राण्याला भिल्ल आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावत, असं राजपुतान्याचा इतिहास लिहिणाऱ्या टॉडनं लिहून ठेवलं आहे. म्हणजे ही रीत एकट्या नागपूरची नव्हे. जिथे जिथे नवा धनी आला तिथे जुन्या धन्याला पुढे बोलावून त्याच्याकडून काहीतरी करवून घ्यावं लागलं. दस्तऐवज झाले, तट आपल्या हाती आला, खजिन्याच्या किल्ल्या आल्या, तरी काहीतरी राहून जात असेल का? आणि लावणाऱ्याचं काय? बुऱ्हाण शाहाचा वंशज काळ्या दगडाच्या त्या वाड्यात शिरत असेल, सागवानी खांबांमधून, नौबत झडत असताना, मशालींच्या तेलाच्या वासात. समोर गादीवर त्याच्या बापजाद्यांच्या जागी बसलेला माणूस मान किंचित पुढे करून वाट पाहत असेल. त्या एका पळात त्या सगळ्या दरबारात उभा असलेला माणूस तो, आणि बसलेला, वाकलेला दुसरा. त्याला राग येत असेल? की तेवढ्यापुरतं त्याला आपलं काहीतरी परत मिळत असेल? कुठल्याही कागदात त्याच्या मनाची नोंद मला सापडलेली नाही. माझ्याजवळ फक्त माझ्या आईचा चेहरा आहे, आणि तोही मला वाचता आला नाही.

मे महिनाभर मी हेच उलटसुलट करत राहिले. जळून गेलेली इमारत डोळ्यांपुढे उभी करणं सोपं नसतं. आजच्या सीनियर भोसला पॅलेसच्या बाजूनं चालत जायचं, टाऊन हॉलपाशी थांबायचं, आणि मनात म्हणायचं, इथे कुठेतरी. पायाखाली डांबर, शेजारी पाणीपुरीची गाडी, कुणाच्या तरी स्कूटरचा कर्णा. १८१८ साली, सीताबर्डीची लढाई हरल्यावर आणि अप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर, याच वाड्यात एका लहान मुलाला गादीवर बसवलं होतं. दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, बाजीबा. त्याला दत्तक घेऊन त्याचं नाव रघुजी ठेवलं. आजी बाकाबाई कारभार पाहणार आणि इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स सगळ्यांवर नजर ठेवणार, असा तो बेत. त्या पोराच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं असेल, जूनचे दिवस होते. त्या दिवशी दत्तक इंग्रजांना चालला. पस्तीस वर्षांनी, ११ डिसेंबर १८५३ ला, तोच रघुजी निपुत्रिक गेला तेव्हा मात्र घराण्यानं निवडलेला वारस त्यांना चालला नाही, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्या वारसाला, यशवंतरावांना, पुढे जानोजी म्हणून मान मिळाला आणि देऊरचे राजेबहादूर ही पदवी मिळाली. वाडा होता, गादी होती, कपाळ होतं, टिळा लावणारं घराणंही दोन पावलांवर होतं. राज्य तेवढं नव्हतं. ज्यांनी ते घेतलं त्यांना टिळ्याची गरज वाटली नाही. त्यांनी कुणाच्या पुढे मान झुकवली नाही, कुणाला बोलावलं नाही. या एका गोष्टीचा मला जेवढा राग येतो तेवढा लढाईचाही येत नाही.

त्यांनी केला तो लिलाव. वाड्यातले हत्ती, घोडे, उंट, बैल हाकून सीताबर्डीला नेले आणि तिथे विकले. दोनशे रुपयांची बैलजोडी पाच रुपयांना गेल्याचं त्या वेळी कुणीतरी कळवळून लिहिलं होतं. मग घरातल्या सामानाची पाळी आली. तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईनं सांगून पाठवलं की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन. ही हकीकत जॉन के या इंग्रज इतिहासकारानं आपल्या सत्तावनच्या बंडाच्या इतिहासात लिहिली आहे, आणि पुढचं वाक्यही लिहिलं आहे: सामान हलवलं गेलं. जवाहीर कलकत्त्याला, हॅमिल्टन कंपनीच्या लिलावात. मी हे वाचलं ती दुपार मला लख्ख आठवते. वीज गेली होती, कूलर बंद, हातातल्या पुस्तकाची पानं घामानं बोटांना चिकटत होती. मी उठून आईच्या खोलीत गेले. ती झोपली होती, उजवा हात उशाखाली. "रॉकेल ओतून घेईन." दाराआडून आलेला तो आवाज. बाकाबाई १८५८ मध्ये गेली. त्याआधी वर्षभर सगळीकडे वणवा पेटलेला असताना तिनं आपल्या लोकांना शांत राहायला लावलं, इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही. नागपूर तिला ते विसरलेलं नाही. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे बाईचा एक मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, १८८१ पासून निघते आहे, आणि ती म्हणजे बाकाबाई असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून मीही घसा फोडून ओरडले आहे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" वाड्याला आग लावीन म्हणणारी बाई आणि कुणी उठू नका म्हणणारी बाई एकच होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आपल्या माणसांची डोकी खांद्यावर राहावीत म्हणून तिनं दुसरं सांगितलं असेल, की उरलीसुरली नेमणूक जाऊ नये म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. पण यापुढे मारबतीच्या मागे ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

वाडा तिच्यामागे सहा वर्षांनी जळाला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये, नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं होतं, आपला अजब बंगला. वस्तू जपून ठेवायची जागा तयार झाली आणि जपायला हवी होती ती इमारतच गेली. २०२५ मध्ये थोरल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनानं ती सुमारे ४७ लाखांना घेतली, तेव्हा टीव्हीवर तिचं पातं दाखवत होते. पाठीवर सोन्यानं देवनागरी अक्षरं कोरलेली, रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. मी आईला हाक मारून बोलावलं. ती चष्मा पुसत आली, पाहिलं आणि म्हणाली, "एवढी वर्षं कोणाच्या घरी होती?" मला उत्तर देता आलं नाही. तलवार परत आली याचा आनंद खरा होता, डोळे भरून आले होते. पण लिलावानं गेलेली वस्तू लिलावानंच परत घ्यावी लागली, हेही त्याच क्षणी टोचलं. टिळ्याचं तसं नाही. तो लिलावात निघत नाही. लावणारा आणि लावून घेणारा दोघं एका जागी आले तरच तो होतो आणि संध्याकाळपर्यंत पुसलाही जातो.

जुलैत पाऊस धरला तेव्हा एका रात्री मी आईला पुन्हा विचारलं. ती कढीसाठी डाळीचे गोळे वळत होती, बोटं पिवळी झालेली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू नाही म्हणू शकत होतीस. कोणी काही म्हटलं नसतं. तुला तर ते कुंकू लावणंच चालत नाही ना, मग?" ती बराच वेळ बोलली नाही. दोन गोळे वळून झाले. मग म्हणाली, "भाऊनं घर बांधलं. पैसे त्याचे, विटा त्याच्या. कागदावर माझा अंगठा घेतला तेव्हा त्या पोरीनं मला विचारलं का, आजी, देऊन राहिल्या का म्हणून? दाबा म्हणाली फक्त." आणि मग, गोळा ताटात ठेवत, "भाऊनं विचारलं नं."

मी म्हटलं, "आणि माझ्या लग्नात? तेव्हा मी विचारलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे एकदम ओले झाले आणि माझेही, आणि आम्ही दोघी काही न बोलता उरलेले गोळे वळले. बाहेर पावसाचं पाणी टिनावर वाजत होतं. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते अजून राहिलंच आहे. तिला त्या वेळी कुणी सांगितलं होतं, की तिनं स्वतःच स्वतःला दाराआड उभं केलं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं हे लिहितानाही वाटतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजींनी लहान मुलांसाठी तो सुरू केला असं नागपुरात सांगतात. मोठ्यांचे बैल जित्ते आणि पोरांचे लाकडाचे. माझ्या भावाचा लाकडी नंदी वाडा सोडताना आम्ही जुन्या धोतरात गुंडाळून आणला होता आणि माळ्यावर टाकला होता. भाऊंचा नातू चार वर्षांचा झाला आहे. आईनं सकाळीच मला स्टुलावर चढवलं, नंदी खाली काढायला लावला आणि ओल्या फडक्यानं स्वतः पुसला. एक शिंग टवकलेलं, चाकांना गंज. मारबतीच्या गर्दीनं रस्ते बंद होते, म्हणून आम्ही दुपार कलल्यावर निघालो. ऑटोवाल्यानं विचारलं, "महालात कुठे, आजी?" आई म्हणाली, "वाड्यावर." तो काही बोलला नाही, मीच पुढे रस्ता सांगत गेले.

पोरगं दारातच वाट पाहत होतं, अंगात झगमगीत बंडी, डोक्याला फेटा, नंदी पाहून हरखलेलं. त्याला घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जायची घाई होती. भाऊंच्या सुनेनं आरतीचं ताट आणलं. भाऊ आता चक्कीवर बसत नाहीत, तरी मला त्यांच्या पापण्या पांढऱ्याच दिसल्या, वयानं असतील. त्यांनी ताट सुनेच्या हातून घेतलं आणि आईपुढे धरलं. आई खाली बसली, गुडघ्यावर हात टेकवत, हळूहळू. नंदीच्या कपाळावर सुताराच्या पटाशीनं पडलेली एक खाच आहे. त्या खाचेत जुनं कुंकू होतं, काळं पडून दगडासारखं झालेलं. माझ्या भावाच्या लहानपणीचं, कदाचित बाबांच्याही, कारण नंदी मुळात बाबांचा. सून म्हणाली, "थांबा आजी, ते खरवडून काढते."

"राहू दे," आई म्हणाली. "त्याच्यावरच लावते." आणि तिनं वाटीत अंगठा बुडवला.